माग काढता येणारी माणसं

ओहोळ

शिकारीचा विषय निघाला की गप्पा लगेच दोन ठिकाणी जातात. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक, नाहीतर काळवीट आणि कोर्टकचेऱ्या. मला या दोन्हींबद्दल लिहायचं नाही. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. तिथे पारध व्हायची ती भात राखायला आणि मटणाच्या वाट्यासाठी. त्या पारधीतली बंदूक न धरणारी माणसं माझ्या मनात घर करून आहेत, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय.

गणपती उरकले, भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरायची. एका रात्रीत अख्खा कुणगा (भाताचं खाचर) लोळवून जायची. मग माळ्यावर राखणीला जायचं, पत्र्याचे डबे बडवायचे, हाकाट्या घालायच्या. ज्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती ते मधूनच एखादा बार काढायचे, तोही बहुतेक वेळा हवेत. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. ती नेमकी भाताच्या हंगामात आली तर वाडीवर सुतकी कळा यायची.

खरी पारध मात्र भात घरात आल्यावर. वाडीतली पंधरा-वीस माणसं, कुत्री, दोन-तीन बंदुका. बंदूकवाले मोक्याच्या जागी बसत, बाकीचे हाका घालत, म्हणजे आरडाओरडा करत जनावर त्यांच्याकडे हाकलत. पण हे सगळं सुरू व्हायच्या आधी, उजाडायच्या सुमाराला, एक माणूस रानात जाऊन यायचा. आमच्या वाडीत ते काम आबांचं. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. त्यांच्याकडे ना बंदूक होती ना परवाना. त्यांनी 'आसा' म्हटलं तर माणसं निघायची, 'नाय' म्हटलं तर सगळे आपापल्या कामाला.

हाक्यात पोरांना घेत नसत. माग बघायला मात्र मला आबांबरोबर जाऊ देत, कारण त्या वेळी रानात बंदूक नसायची.

आबा राईत शिरत नसत. शेतातून निघालेला माग धरून राईच्या तोंडाशी यायचे आणि तिथून बाहेरून तिला पूर्ण वेढा घालायचे. ओढ्याचा काठ, पायवाटा, गडग्यांची खिंडारं, जिथे जिथे मऊ माती असेल तिथे थांबायचे. आत शिरल्याचा माग आहे आणि बाहेर पडल्याचा कुठेच नाही, म्हणजे जनावर आत आहे. गोष्ट सरळ, पण वेढा घालताना एक फट जरी नजरेतून सुटली तरी वाडीचा दिवस फुकट.

माग कोणाचा हे ओळखणं त्यांच्या दृष्टीने बाराखडी. डुकराच्या खुरामागे दोन खुरट्या टेकतात, त्याही बाहेरच्या बाजूला फाकलेल्या, त्यामुळे मऊ जमिनीत चार खुणा दिसतात. भेकर किंवा सांबर सहसा पुढच्या दोनच ठेवून जातं. कठीण भाग पुढचा: माग कधीचा? पहाटेच्या दंवाने ठशाच्या आतलं गवत ओलं झालं असेल तर जनावर दंव पडायच्या आधी गेलंय. बाजूच्या गवतावर दंव आहे आणि जिथून पाय गेले तेवढीच रेघ पुसलीय, तर ते आत्ताच गेलंय. वाटेवर कोळ्याचं जाळं अखंड असेल तर रात्रीत तिथून कोणी गेलेलं नाही. पण जाळं कमरेच्या उंचीवर असेल तर डुक्कर त्याच्या खालून जाईल, तेव्हा त्या जाळ्यावर विसंबायचं नाही. लोळणीतून उठलेलं डुक्कर जवळच्या झाडाला अंग घासतं. खोडावर चिखल किती वर लागलाय त्यावरून जनावर केवढं ते कळायचं, आणि तो चिखल बोटाला चिकटतो की भुकटी होऊन झडतो यावरून वेळ.

कमरेला राखेची पुरचुंडी असायची. चिमूटभर राख सोडून वारा बघायचे. "आधी वारो बघ, मगे पाय टाक," एवढं एकच वाक्य ते मला परत परत सांगत.

वाघाच्या शिकारीवर १९७० सालीच बंदी आली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मात्र लहान-मोठ्या शिकारीचे परवाने शिल्लक होते. ते खऱ्या अर्थाने मोडीत निघाले १९९१ च्या दुरुस्तीने. कायदा हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. माझ्या वडिलांनी लहानपणी गावात कधी न पाहिलेले गवे आज परसापर्यंत येतात.

पण पारध थांबली तसं पहाटे रानात जाणंही थांबलं. आबा गेले. ज्या राईला ते वेढा घालायचे तिथे आता काजूची बाग आहे, आणि उरलेल्या रानात गावातलं कोणी कारणाशिवाय जात नाही. मागच्या वर्षी ओढ्याच्या वाळूत बिबट्याचा स्वच्छ ठसा होता. पोरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि 'वाघरू की कुत्रा?' यावर दिवसभर चर्चा. नखं उठलेली नाहीत, पंजा गोल आहे, मागच्या गादीला तीन फुगवटे आहेत. आबांच्या वेळी हे शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: जीव घेणं थांबलं ते उत्तम झालं, पण पायी चालून रान वाचणं थांबायला नको होतं. सफारीच्या गाडीत ते मिळत नाही. गाड्या वाघाच्या मागे पळतात, खाली उतरता येत नाही (उतरूही नये), आणि माग तर जमिनीवर असतो. मग तो शिकायचा कुठे?

तुमच्याकडे अशी माणसं होती का? आहेत का? ती नेमकं काय बघत, कसं बघत, ते सविस्तर लिहा. कोणी किती मारले याचे आकडे मात्र नकोत.

पानगळ

फार सुंदर. बाहेरून वेढा घालण्याची पद्धत पहिल्यांदाच वाचली. वाचतेय.

रंकाळा

आमच्या कोल्हापूरकडे शिकारीचा इतिहास दरबारी. राधानगरी-दाजीपूरचं रान हे छत्रपती शाहू महाराजांचं शिकारीचं रान, आणि त्यामुळेच ते टिकलं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. मुरूडजवळचं फणसाडही असंच, जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारीचं जंगल, १९८६ ला अभयारण्य.

संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचे. काळवीट माणूस दिसला की पळतं, पण गाडी-बैलांना बुजत नाही, कारण ते त्याच्या रोजच्या बघण्यातले. ही गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली तेव्हाच ही शिकार शक्य झाली. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं आणि त्या चित्तेवानांचा हुन्नरही लयाला गेला. शाहू महाराजांनी फासेपारधी लोकांना सोनतळीला आश्रय आणि काम दिलं हेही इथे लिहायला हवं. ज्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्या अंगची जाण ओळखणारा राजा होता तो.

शमी

ओहोळ, तुम्ही प्रेमाने लिहिलंय म्हणून मी पण मोकळेपणाने लिहिते. त्या ज्ञानाचा मलाही आदर वाटतो, पण ते कशासाठी वापरलं जात होतं हे बाजूला ठेवून त्याच्याकडे बघता येत नाही. वेढा पूर्ण झाला की तो राईतल्या सगळ्यांनाच पडतो. डुकरासाठी म्हणून घातलेल्या हाक्यात भेकर उठत नव्हतं? ससा, साळिंदर, पिसोरी? मोक्यावर बसलेला माणूस त्यांना जाऊ देत होता? गाभण मादी उठली तर? मी लहानपणी आजोळी हाक्यातून आणलेलं भेकर पाहिलंय. त्याचे डोळे उघडे होते. तेव्हापासून मला हाक्याचा आवाज सहन होत नाही.

ओहोळ

शमी, भेकर उठायचं, आणि उठलं तर बार व्हायचा. ससाही सुटत नसे. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे, म्हणूनच मला पारध परत नकोय.

आबांपुरतं सांगतो. डुकरिणीच्या मागाबरोबर पिलांचे बारीक खूर दिसले तर ते ती राई सांगत नसत, दुसरीकडे नेत. पुढच्या वर्षीचं आज खायचं नाही, हा त्यांचा हिशेब. पण हा एका माणसाचा नेम होता. सगळ्या वाड्यांत असा माणूस नव्हता, आणि बॅटरीच्या झोतात शिकार करणारे आले तेव्हा असले नेम कोणी पाळले नाहीत.

चांदागड

इकडे चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात, माग बघणं कधी थांबलंच नाही. तुमच्याकडे पारध गेली म्हणून ते गेलं. आमच्याकडे वाघ आहेत म्हणून ते राहिलं.

सकाळी शेतावर जाताना पांदणीत पहिली नजर जमिनीवर. रात्री कोण गेलं, कोणत्या अंगाला गेलं, सोबत पिल्लं आहेत का, यावरून त्या दिवशी कोणत्या धुऱ्याकडे (शेताच्या बांधाकडे) जायचं ते ठरते. माझे बाबा पंजाभोवती काडीने चौकट आखून दाखवत. चौकट चौरस आली तर नर, लांबट आली तर मादी. वाळूत आणि चिखलात पंजा पसरतो, तेव्हा तिथला ठसा धरायचा नाही, बारीक धूळ असेल तिथलाच धरायचा. हे आम्हाला कोणी शिकवायला बसलं नाही. मोहफुलाच्या दिवसांत बाया-माणसं पहाटे वाकून फुलं वेचतात, तेंदूपत्त्याच्या वेळी तसंच, आणि वाघाचे बहुतेक हल्ले अशाच वेळी होतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला माग म्हणजे काय ते विचारा.

आणि जागल. धान, तूर, हरभरा, सगळ्यावर डुक्कर आणि रोही (नीलगाय). आम्ही मचाणीवर रात्र काढतो. डुक्कर मारायची लेखी परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मिळू शकते, पण अर्ज, पंचनामा, सही होईपर्यंत हरभरा राहत नाही. आता कुंपणाच्या तारेला लावायची झटका मशीन आली, तिचा झटका जनावराला हाकलतो, मारत नाही. ती घ्यायची ऐपत नाही किंवा धीर नाही ते तारेत थेट लाईन सोडतात, आणि त्यात डुकरासोबत वाघ मरतो, कधी शेजारचा माणूसही मरतो. शिकार बंद आहे असं आपण म्हणतो, पण या तारेला काय म्हणायचं?

शहरातल्या लोकांनी रानावर प्रेम करावं, जरूर करावं. फक्त ज्याचा धुरा रानाला लागून आहे त्याला त्यात धरावं.

सायली_बे

चांदागड, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झाले.

मेंडोटा

मी मूळचा पाटण तालुक्यातला, आता बरीच वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. इथे शिकार कायदेशीर आहे आणि मी करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, नऊ दिवसांचा. पाच लाखांहून जास्त लोक परवाने काढतात. १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. कमरेच्या वरच्या प्रत्येक कपड्याचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी लागतो. माणसाला तो रंग लांबून दिसतो, हरणाला तो वेगळा दिसत नाही. हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करायची. २००२ मध्ये इथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग सापडला, तेव्हापासून पुष्कळ शिकारी हरणाचं डोकं तपासणीला देतात आणि निकाल येईपर्यंत मटण खात नाहीत.

पण या नऊ दिवसांच्या आधीचा ऑक्टोबर मला जास्त प्रिय आहे. तेव्हा मी बंदूक न घेता फिरतो. नर शिंगं घासून कोवळ्या झाडांची साल काढतात. खाली झुकलेल्या फांदीखाली खुराने माती उकरून ठेवतात आणि त्या फांदीला तोंड-कपाळ घासून आपला वास लावतात. ती उकरलेली जागा ताजी आहे की पानं पडून झाकलीय, यावरून नर तिथे परत येतोय का ते कळतं. मला हे शिकवलं शेजारच्या शेतावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. तुमच्या आबांसारखाच तोही आधी वारा बघतो, खिशातल्या मिल्कवीडच्या कापसाने. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची इथली बहीण, म्हातारी उडते ती तशीच.

ओहोळ, तुमच्या मुद्द्यावर मात्र मला एक म्हणायचंय. हातात बंदूक असली की लक्ष लागतं ते वेगळं असतं. नुसतं फिरायला गेलं की मी बडबडतो, फोन बघतो. जीव घ्यायची जबाबदारी अंगावर असते तेव्हा पान हललं तरी कळतं. बंदुकीशिवाय माणूस इतका सावध राहील का?

शमी

मेंडोटा, सावध राहण्यासाठी कोणी मरायलाच हवं का? आणि तिथले शिकारी नेहमी सांगतात की आमच्या पैशावर जंगलं टिकली. पैसे दिले म्हणून ते योग्य ठरत नाही.

मेंडोटा

पैसे दिल्याने योग्य ठरत नाही, कबूल. तरी हकीकत सांगतो: रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या आणि शिकारी प्रशिक्षणाच्या कामासाठी मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली हरणं संपत आली होती. आज ती इतकी आहेत की लांडगा नसलेल्या भागात कोवळं झाड उगवू देत नाहीत. मी खातो ते मटण कुठून आलं, ते जनावर कसं मेलं, हे मला ठाऊक असतं. बंद पाकिटातल्या चिकनबद्दल मला ते सांगता येत नाही. आपलं यावर एकमत होणार नाही, आणि तुमचा त्रास मला समजतो.

कातळसडा

मी राजापूरचा. आमच्याकडे बंदूक नव्हती. आमची शिकार म्हणजे चढणीचे मासे आणि कुर्ल्या.

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, वहाळाचं (ओढ्याचं) पाणी चहासारखं झालं की त्या रात्री झोपायचं नाही. मासे अंडी घालायला नदीतून वहाळात, वहाळातून शेतात चढतात. बाबांना पाण्याच्या आवाजावरून कळायचं की आज चढण लागणार. पाग (फेकायचं जाळं), बत्ती, डोक्यावर इरलं. पण बाबा वहाळ कधी पूर्ण आडवत नसत. एका बाजूला हातभर वाट मोकळी ठेवायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जायचंच नाही. ज्या माशाचं पोट अंड्यांनी फुगलंय तो वर पोचलाच नाही तर पुढच्या पावसात येणार कोण?

आता त्याच वहाळात लोक ब्लिचिंग पावडर टाकतात, बॅटरीचा शॉक देतात. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी पडून वर येतात. हे करणाऱ्यांतल्या एकालाही चढण कधी लागते ते ओळखता येत नाही. ब्लिचिंगला ते ओळखावं लागत नाही ना. मला याचा संताप येतो. मेंडोटांनी सावधपणाचं लिहिलंय ते मला इथे पटतं: हातातलं साधन जितकं सोपं, तितकं निसर्गाकडे बघायची गरज कमी.

नंदा_पु

ओहोळ, 'शिकायचा कुठे' याचं माझ्यापुरतं उत्तर आहे. बुद्धपौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतो, 'निसर्गानुभव' नावाने. मी मेळघाटात बसले होते. बरोबर एक कोरकू वनरक्षक. अत्तर-पावडर नको, भडक कपडे नकोत, बोलायचं नाही, पाण्यावर कोण आलं ते वेळेसकट तक्त्यात लिहायचं. शास्त्रीय गणना म्हणून तिची किंमत फार नाही, हे वनविभागही सांगतो. पण रात्रभर एका जागी बसणं हे माझ्या आयुष्यात त्याआधी कधी घडलंच नव्हतं.

मध्यरात्रीनंतर सांबराने एकदाच आवाज दिला. मी वाघ वाघ म्हणून ताठ झाले. वनरक्षक दादांनी मान हलवली. एकदाच ओरडून गप्प बसलं म्हणजे त्याची खात्री नाही, खात्री असती तर ओरडतच राहिलं असतं. थोड्या वेळाने अस्वल आलं, पाणी प्यायलं आणि गेलं. सकाळी खाली उतरल्यावर दादांनी त्याची विष्ठा काडीने फोडून दाखवली. टेंभुर्णीच्या बियांनी गच्च भरलेली. "हा बिया पेरत फिरतो," म्हणाले. मग वारूळ दाखवलं, त्याने रात्रीच उकरलेलं, आतली माती अजून ओली. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलाचा वाटावा इतका तसाच. पुढे बघितलं तर नखांची लांब ओरखड.

त्याहून जास्त शिकायला मिळतं ते दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत. २००६ पासून ती नव्या पद्धतीने होते. कॅमेरा ट्रॅपचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याआधी प्रत्येक बीटमध्ये (एका वनरक्षकाच्या हद्दीत) तीन दिवसांत मिळून १५ किलोमीटर चालून मांसभक्षकांच्या खुणा शोधायच्या असतात, आणि दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवर चालून तृणभक्षक मोजायचे असतात. काही ठिकाणी त्यासाठी स्वयंसेवक घेतात. हे सगळं पायी असतं, वनरक्षकाच्या पावलावर पाऊल ठेवून. मेंडोटा, माझ्या हातात बंदूक नव्हती, फक्त तक्ता आणि पेन होतं, पण चुकीची नोंद होऊ नये म्हणून जी नजर लागते ती लागलीच.

माळरान

एका गोष्टीची भर घालतो. आपल्याकडे निसर्ग अभ्यासाची सुरुवातच शिकाऱ्यांपासून झालीय. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली मुंबईत निघाली तेव्हाच्या सभासदांत शिकारीचे शौकीन भरपूर होते. सालिम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून १९०८ मध्ये ती ओळखून घ्यायला ते याच संस्थेत गेले. पुढचं आपण जाणतो.

दुसरं, रंकाळा यांनी फासेपारध्यांचा विषय काढलाय तो पुढे नेतो. अकोला-वाशीमकडे तणमोर हा पक्षी शोधायला आणि राखायला फासेपारधी समाजाचीच माणसं पुढे आली. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून वर उड्या घेतो, एरवी तो दिसणं महाकठीण. कोणत्या गवतात, कोणत्या वेळी उडी घेईल हे पिढ्यान्‌पिढ्या त्याला फाशात धरणाऱ्यांनाच माहीत. पक्षी शोधायला गेलेल्या तज्ज्ञांना त्यांनीच तो दाखवला. ओहोळ, तुमच्या आबांना आज वनविभागाने कामावर घ्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. पण पारध्यांच्या बाबतीत आपण उलटंच करतो. जाण त्यांची आणि संशयही त्यांच्यावरच.

ओहोळ

माळरान, आबांना वनविभागात घेतलं असतं तर ते रोज कागद भरायच्या भीतीने पळून गेले असते असं घरचे म्हणतील, पण मला ते फार आवडलं असतं.

मेंडोटांच्या प्रश्नावर विचार करत होतो. चांदागड आणि नंदा यांनी त्याचं उत्तर दिलंय असं वाटतं. लक्ष बंदुकीमुळे लागत नाही, काहीतरी पणाला लागलेलं असलं की लागतं. आबांच्या वेळी वाडीचा दिवस पणाला असायचा, चांदागडकडे घरचं माणूस असतं. आमच्या गावात आता काहीच पणाला नाही, म्हणून पोरं ठसा ओळखत नाहीत. तसं म्हटलं तर बिबट्या अंगणातून कुत्री नेतोय आणि गवे माडाची रोपं खातायत, म्हणजे गरज परत दाराशी आलीच आहे.

म्हणून ठरवलंय. दिवाळीच्या सुट्टीत गावच्या शाळेतली मोठी मुलं घेऊन ओढ्याकाठी पहाटे जायचं. राखीव जंगलात नाही, गावच्याच हद्दीत. मुख्याध्यापकांशी बोललोय, वनरक्षकही येतो म्हणालेत. आबांबरोबर जायचे त्यांतले एक काका अजून आहेत, गुडघे दुखतात तरी तयार झालेत. चांदागड, ठशांचे साचे घेऊन शाळेत ठेवावेत असं मनात आहे. तुम्ही घेतले आहेत का कधी?

चांदागड

घेतले आहेत, पूर्वीच्या पंजागणतीच्या वेळी बाबांसोबत. आधी ठशातला काडी-कचरा हळूच फुंकून काढायचा, बोट लावायचं नाही. ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी गोल करून दोन बोटं उंच उभी करायची. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात मिसळून बाजूने सोडायचं, वरून ओतलं तर ठशाची कड ढासळते. फार पातळ नको. अर्धा तास हात लावायचा नाही. काढल्यावर चिकटलेली माती तशीच राहू द्या, पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी ब्रशने झाडा. मागे तारीख, जागा आणि जमीन कशी होती ते लिहून ठेवा. वाळूतला साचा आणि धुळीतला साचा शेजारी ठेवले की पोरांना फरक आपोआप कळेल. सुरुवात कुत्र्याच्या आणि मांजराच्या पायापासून करा, बिबट्याची वाट बघू नका.

कातळसडा

ओहोळ, कुडाळात प्लास्टर शोधत फिरू नका. जवळच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, विचारा, दिवाळीपर्यंत उरलेलं पोतं असतंच. आणि मुलं कमी पडली तर सांगा, माझे दोन भाचे तिथेच ओरोसला आहेत, पाठवतो.